फिक्स्ड, फ्लोटिंग आणि मामांची सही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी लगेच सांगीन, दौंडच्या माझ्या मामांचे. मामा रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढून रुळांचे सांधे बदलायचे. बारावी झाल्यावर त्यांनी मला शिरूरहून आपल्या क्वार्टरमध्ये नेलं, जेवू घातलं, कॉलेजच्या फिया भरल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे.

दोन हजार तीन-चारचा सुमार. सणसवाडीच्या कंपनीत माझी नोकरी पक्की झाली आणि शिरूरमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट पसंत पडला. बँकेला जामीनदार हवा होता. मामा लगेच तयार झाले. त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. माझे हप्ते थकले तर त्यांच्या फंडाला हात लागणार, एवढं मला कळत होतं.

"सही करतो," मामा म्हणाले, "पन याज फिक्स पायजे. आज येक आन् उद्या येक, आसलं आपल्याला न्हाई चालायचं."

माझं मत फ्लोटिंगचं. त्याचा दर कमी होता आणि तेव्हा तो उतरतही होता. मी दोन फुलस्केप भरून हिशेब मांडला. मामांनी कागद उलटसुलट करून परत दिला.

"आक्षर चांगलं हाय," ते म्हणाले.

मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवो, घर घ्यायचंय का घरातच भांडायचंय?"

शेवटी मी हरलो. फिक्स्डचाच फॉर्म भरला आणि आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मामांनी चष्मा लावला.

"सायेब, वाचा."

"कुठली अट?"

"समद्या."

"अहो मामा, सगळे नुसत्या सह्याच करतात."

"करत आसत्याल. आमच्याकडं फोनवर निरोप आला की तो मोठ्यानं परत म्हनावा लागतो. त्याबिगर लिव्हरला हात लावत न्हाई."

साहेब वाचू लागले आणि मामा प्रत्येक अट आपल्या भाषेत परत म्हणू लागले. मागे रांग वाढली. कोणीतरी म्हणालं, "आजोबा, आज पोथी संपंल का?" मी खाली मान घालून उभा. अकराव्या अटीला मामा थांबले.

"म्हंजी तीन वर्सांनी बँकेला वाटलं तर ती ह्यो दर बदलनार?"

"हो."

"मंग ह्यात फिक्स काय हाय?"

साहेब हसले. "नाव आहे, मामा."

रांगेतले सगळे हसले. मी मात्र फॉर्म ओढून ती अट पुन्हा वाचली. तोच फॉर्म मी घरी दोनदा वाचला होता, आणि ती अट नजरेतून सुटली होती.

"तुझं ते फ्लोटिंगच घे," मामा म्हणाले. "बदलतो म्हनून आधीच सांगतंय तरी." नवा फॉर्म आला. मामांनी पुन्हा पहिल्या अटीपासून वाचायला लावलं आणि मगच सही केली.

तीन वर्षांत दर चढू लागले. मामा तोवर निवृत्त झाले होते. बँकेने माझा हप्ता तेवढाच ठेवला, पण महिने वाढवले. मामांना सांगायला मी फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. मग हे पत्र लिहिलं:

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.
कर्जाचा दर वाढला आहे आणि मुदतही लांबली आहे. फ्लोटिंगचा हट्ट मूळ माझा, म्हणून हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. आधीच कळवायला हवं होतं. धीर झाला नाही. काल बँकेत गेलो होतो. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, त्यामुळे तुमच्या जागी माझ्या कंपनीतल्या एका मित्राला जामीनदार म्हणून घ्यायला साहेब तयार आहेत. जामीनदार बदलण्याचा अर्ज सोबत आहे, सही करून पाठवा. तुमचा फंड आता पूर्ण मोकळा राहील.
दिवाळीला दोघंही इकडेच या. आतली खोली तुमच्यासाठी आवरून ठेवली आहे. ओटा मामींना न विचारता बांधला, तो उंच झाला आहे. बोलणी खायला तयार आहे.
आपला,
भाचा