फाट्यावरचे खिळे

अपडाऊन करणाऱ्या मास्तरांना किस्से शोधाया लागत न्हाईत, ते टायरला चिखल लागावा तसे आपोआप लागतेत. मी जालन्याहून राजूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेवर बारा वर्षं जाऊन राह्यले. रोज तोच रस्ता, तेच खड्डे, तरी संध्याकाळी घरी सांगाया काहीतरी असतंच. आमचे हे विचारतेत, "तू शाळेत शिकवती का रस्त्यावर?"

माझी स्कूटी या रस्त्यानं दोन वर्षांत खिळखिळी केली. तेव्हापासून मी खरात सरांच्या गाडीवर मागं बसते. सर आमचे गणिताचे, रिटायर व्हायला दोन वर्षं राह्यलेली. माणूस सोन्यासारखा, पण हेल्मेट म्हटलं की डोकं फिरतं! अन् माझा जीव रोज त्यांच्याच हातात. घरी तिसरीतली पोरगी हाय माझी. तवा मी हसत सांगून राह्यले म्हणून सगळंच हसण्यावारी नेऊ नका.

* * *

हेल्मेटची सक्ती झाली अन् जालन्याच्या नाक्यावर पोलीस उभे राहाया लागले. पण फाट्याच्या पुढं, गावाकडच्या अरुंद रस्त्यावर कोण येतंय तपासाया? मंग आमच्या लोकांनी एक रीत पाडली. फाट्यावर शब्बीरमामांचं चहाचं हॉटेल हाय. तिथं चहा प्यायचा, हेल्मेट भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं अन् उघड्या डोक्यानं पुढं निघायचं. संध्याकाळी येताना परत घालायचं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांचे खिळे ठरलेले. माझाबी होता, डावीकडून तिसरा. खोटं कशाला बोलू?

खरं तर नाका ते फाटा रस्ता गुळगुळीत. ट्रॅक्टर, शेळ्या, वळणं, उखडलेली खडी, हे सगळं फाट्याच्या पुढं. म्हणजे पडायची भीती कमी तिथं हेल्मेट, अन् जास्त तिथं टाळकं उघडं! हे कळत सगळ्यांना होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

एकदा एका गिऱ्हाइकानं भिंत बघून मामांना विचारलं, "काय मामा, हेल्मेटचं दुकान टाकलं का?"

मामा कपात चहा गाळत म्हणले, "न्हाई हो. मास्तर लोकं डोकी हितं ठेवतेत अन् मंग शिकवाया जातेत!"

* * *

एका सकाळी नाक्यावर पोलीस दिसले न्हाईत म्हणून सरांनी हेल्मेट हँडललाच लटकावून ठेवलं. पण कॅमेरा कुठं चहाला जातो? दुपारी सरांच्या मोबाईलवर चलान आलं, फोटोसकट. फोटोत पुढं सर उघड्या डोक्याचे, मागं मी हेल्मेटवाली. अन् तो मोबाईल त्या दिवशी घरी राह्यलेला, काकूंच्या हातात!

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "सर, काकू काही बोलल्या का?"

"बोलल्या ना! म्हणल्या, गाडी तिच्या हातात द्या अन् तुम्ही मागं बसा. तिला अक्कल दिसती."

* * *

रस्ता सुरक्षा सप्ताह आला. वरून पत्र आलं: विद्यार्थ्यांना शपथ द्या, फोटो काढा, ग्रुपवर टाका. आमच्या हेडमास्तरांनी नेमकं खरात सरांनाच उभं केलं. सर फाट्यावर खिळ्याला हेल्मेट टांगून आल्ते, केसात रस्त्याचा फुफाटा तसाच. हात पुढं करून म्हणले, "मी दुचाकी चालवताना हेल्मेट वापरीन."

सगळी पोरं एका सुरात म्हणली. पाचवीतली एक पोरगी तेवढी गप्प.

"का गं, तू का म्हणत न्हाई?"

"सर, आमच्याकडं सायकलबी न्हाई. गाडी तुमच्याकडं हाय, तुम्हीच म्हणा ना बराबर!"

हेडमास्तरांनी फोटो काढायचं सोडून तोंडाला रुमाल लावला.

* * *

शाळेसमोर गाड्या सुसाट जायच्या. एका शेळीला धडक बसली तवा गावानं गतिरोधक मागितला. अर्ज जाऊन सहा महिने झाले, काहीच न्हाई. मंग गावातल्या लोकांनीच एका रविवारी मुरूम, दगड आणून ब्रेकर बांधून टाकला. बांधला म्हणजे काय, धरणच! पहिल्याच दिवशी त्याच्यावरून कोण पडावं? अर्जावर पहिली सही करणारे सरपंच!

आठ दिवसांत आणखी तिघं आपटले. ग्रामसभेत एकजण तावातावानं उठला, "या ब्रेकरनं अपघात वाढून राह्यले! काढून टाका!"

आमची स्वयंपाकाची सखूमावशी मागून म्हणली, "पडले ते समदे बापे गडी. शाळंचं एक लेकरू पडलं का? मंग ऱ्हाऊ द्या की!"

ब्रेकर राह्यला. निम्मा तासला, शाळेतल्या उरलेल्या चुन्यानं पट्टे मारले. त्याच्यावरून आता कोणी पडत न्हाई, अन् शाळेसमोर कोणी सुसाट जातबी न्हाई.

* * *

हे सगळं बघूनबी खरात सरांचं गणित वेगळंच. "मॅडम, हेल्मेट घातलं की माणूस बेफिकीर होतो. बेफिकीर झाला की जोरात हाणतो. म्हणजे नियमानं अपघात वाढतेत, कमी होत न्हाईत."

मला राग आला. मी म्हटलं, "सिद्ध करा. आठ दिवस शाळेपर्यंत हेल्मेट घालून चालवा, मी मागून घड्याळ बघते. जल्दी पोचलो तर तुमचं खरं."

सरांनी घातलं. मी रोज मिनिटं लिहिली. आठही दिवस बिगर-हेल्मेट लागायची तेवढीच मिनिटं, कमी न्हाई का जास्त न्हाई! कागद समोर ठेवला तर सर म्हणले, "आठ दिवसांवरून काय कळतंय? गणितात असं चालत न्हाई." अन् नवव्या दिवशी हेल्मेट परत खिळ्यावर. माझंबी. तिथंच मी भांडायाला पाहिजे होतं. न्हाई भांडले.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत योगेश आला. कृषी सहायक, पहिलीच नेमणूक, अंबडकडचा. निळं नवंकोरं हेल्मेट. फाट्यावर चहा पिऊन तो ते घालूनच निघाला तसे खरात सर हसून म्हणले, "अरे काढ ते! हितून पुढं कोण बघून राह्यलं?" पोरगं लाजलं. मामांनी त्याच्यासाठी नवा खिळा ठोकून दिला, माझ्या शेजारी.

दोन-अडीच महिने गेले असतील. एका संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी आपापली हेल्मेटं उचलली, निळं तेवढं राह्यलं. ते न्यायला योगेश आलाच न्हाई. दुपारी वळणावरच्या खडीवरून गाडी घसरली, डोकं दगडावर आपटलं, अन् पोरगं जागेवरच गेलं. गाडी जोरातबी नव्हती. गुडघे खरचटले होते, बाकी अंगाला काही न्हाई.

चौदा-पंधरा दिवस ते हेल्मेट तसंच लटकून होतं. मामा भिंत झाडायचे, पण त्याला हात लावायचे न्हाईत. आम्ही चहा प्यायचो, भिंतीकडं पाठ करून.

मंग एका सकाळी त्याचे वडील आले. पांढरं धोतर, हातात पिशवी. मामांना म्हणले, "पोराचं हेल्मेट हितं हाय म्हणतेत."

मामांनी काढून दिलं. म्हाताऱ्यानं ते उलटंपालटं करून बघितलं, वरून बोटं फिरवली.

"मीच घेऊन दिल्तं. एक ओरखडा न्हाई याला." मंग आमच्याकडं वळून म्हणले, "घालत नव्हता का हो त्यो?"

मला वाटलं, आता काहीतरी खोटं बोलावं, म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटंल. तेवढ्यात खरात सर उठले. हातातला कप बाकड्यावर ठेवला.

"घालून निघाल्ता, बाबा. मी काढाया लावलं."

म्हातारा सरांच्या अगदी पुढ्यात आला. मला वाटलं, मारतो का काय! पण त्यानं हेल्मेट सरांच्या हातात दिलं.

"मंग आता तुम्ही घाला."

रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली अन् तो एसटीकडं निघून गेला.

सरांना ते जरा घट्ट होत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी दाबून बसवलं, पट्टा लावला अन् गाडीला किक मारली. मी डावीकडून तिसऱ्या खिळ्यावरचं माझं काढलं अन् मागं बसले.