भागीकाकूंची दुसरी प्रत

भागीकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला एका कचेरीत कारकुनाशी भांडत होतो. भांडण पोचेचं होतं. अर्ज त्याने घेतला, पण आमच्या प्रतीवर 'मिळाला' असा शिक्का मारायला तो तयार नव्हता. "ठेवलाय ना, आता जा की," म्हणत होता. मी आवाज चढवला, रांगेतली माणसं वळून बघायला लागली आणि खिशातला मोबाइल वाजला. शहापूरची कॉम्प्युटर-दुकानवाली संगीता होती. "दिनेशदादा, काकू गेल्या. सकाळी ओसरीवर चहा घेत बसल्या होत्या, तिथंच..." मी कारकुनाकडे बघत राहिलो. माझ्या तोंडावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने मुकाट्याने शिक्का उचलून मारला. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, "तारीख टाकाया सांग रे." मी सांगितलं नाही. तो कागद अजून बिनतारखेचाच आहे.

महिना उलटून गेला. मला पत्रकं लिहायची सवय, आणि पत्रकात माणूस मेला की त्याचा लगेच लढवय्या होतो. काकूंचं तसं करायचं नाही असं ठरवून बसलोय. त्या लढवय्या नव्हत्या, चिवट होत्या. किन्हवलीच्या पुढे वरच्या वाडीत थोडी भातशेती, शिक्षण सातवीपर्यंत, नवरा लवकर गेलेला. पाणी, रस्ता, रेशन यांसाठी भांडणाऱ्या आमच्या संघटनेत अर्ज लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण त्यांचं अक्षर गोल होतं आणि हात दमत नसे. प्रत्येक अर्ज दोनदा लिहायचा, एक कचेरीला द्यायचा, दुसऱ्यावर पोच घ्यायची. "पोच घेतल्याबिगर पायरी उतरायची नाय," हा त्यांचा एकमेव कायदा. मी संघटनेत येण्याआधीची गोष्ट सगळे सांगतात. एका कारकुनाने शिक्का दिला नाही, तर काकू त्याच्याच टेबलासमोर मांडी घालून बसल्या, फडकं सोडलं आणि भाकरीबरोबर सुकटीची चटणी खायला लागल्या. त्या वासाने शिक्का पंधरा मिनिटांत मिळाला. "घोषणा द्यायला घसा लागतो, सुकटीला काय लागतंय?" असं वर मलाच ऐकवायच्या.

बारावीनंतर मी संघटनेत आलो तो डोक्यात आग घेऊनच. माझा पहिला अर्ज 'झोपी गेलेल्या, निर्लज्ज, जनद्रोही प्रशासनास' अशा मायन्याने सुरू होत होता. काकूंनी तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाल्या, "झ्याक लिवलंस. आता शिव्या येगळ्या कागदावर काढ नि तो कागद घरी ठेव. ह्याच्यात घरं किती ते लिही, माणसं किती, इहिरीचं पाणी कवा संपलं ते लिही." मला राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही मायना लिहिताना येतो.

त्यांच्या पहिल्या ई-मेलचा प्रसंग सहा-सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातला. वरच्या वाडीची विहीर आटली होती, बायका तासभर उतार उतरून नदीतल्या डबक्याचं पाणी आणत होत्या, आणि टँकरच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. ज्या तालुक्याचं पाणी मोठाल्या नळांतून शहराकडे जातं, त्याच तालुक्यात टँकरसाठी हात जोडावे लागतात. हे वाक्य मी कित्येक पत्रकांत लिहिलंय, अजून कित्येकांत लिहीन. शहापूरच्या कचेरीतून आमचा अर्ज वर गेलाच नव्हता. पोच दाखवली तेव्हा तिथला माणूस वरमला. म्हणाला, यादी आज पाचला ठाण्यात बंद होतेय, तिथल्या साहेबांना ई-मेल करा. आणि चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. तेव्हा तीन वाजून गेले होते.

"दिन्या, तुला येतंय ना रे कंप्युटर?" काकूंनी विचारलं. मी मुरबाडला दहा दिवसांचा क्लास केला होता आणि त्याची बढाई गावभर मारली होती. त्या दहा दिवसांत मी पडद्यावर एक घर काढून लाल रंगवलं होतं, तेवढंच. तरी "येतंय" म्हणालो. एसटी स्टँडसमोरच्या दोन कॉम्प्युटरच्या दुकानात मी खुर्चीवर बसलो आणि पाच मिनिटांत संगीताने मला तिथून उठवलं. ती नुकतीच लग्न होऊन आली होती, दुकान तीच सांभाळायची. काकूंच्या नावाने मेल उघडताना तिने हळूच विचारलं, "पासवर्ड काय ठेवू?" काकू दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माज्या म्हशीचं नाव ठेव, चंद्री." संगीता म्हणाली, "अवो काकू, ते गुपित असतं." काकूंना कळेना. "म्हशीत काय गुपित?"

काकूंच्या हातचा अर्ज संगीताने स्कॅन करून मेलला जोडला. बटण दाबणार तेवढ्यात काकूंनी तिचा हात धरला. "दुसरी परत कुठंय?" संगीता समजावत राहिली, मी समजावत राहिलो, घड्याळ पुढे सरकत राहिलं. शेवटी दुसरी प्रतही स्कॅन झाली. तिच्या कोपऱ्यात काकूंनी आधीच लिहिलं होतं, 'पोच देऊन परत पाठवणे.' मग म्हणाल्या, "मी दाबते." पदराला बोट पुसलं आणि दाबलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "गेला, काकू," संगीता म्हणाली. काकू खुर्चीवरून हलल्या नाहीत. "गेला ते तू सांगतीस. त्यांना घावला ते कोन सांगनार?" आणि पडद्याकडे तोंड करून बसल्या, कचेरीत बसायच्या तशाच. पाच वाजले. साडेपाचला लाइट गेली, पडदा काळा झाला. काकू उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या ठाण्याला."

सकाळी लाइट आल्यावर संगीताने आदल्या दिवशी पाठवलेल्या मेलचा कागद काढून दिला, वेळेसकट. ठाण्यातल्या कचेरीत उत्तर तयार होतं. तुमचं काही आलेलं नाही. मी तोंड उघडलं, काकूंनी माझा दंड दाबला. कॉम्प्युटर कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकलेला होता. दसऱ्याचं कुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं. काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आदी ते झाकन तरी काढा." तो चालवणारा माणूस जेवायला गेला होता. "मग आमी पन जेवतो," म्हणत काकूंनी फडकं सोडलं. सुकट होतीच. माणूस जेवण सोडून आला की काय, इतक्या लवकर आला. मेल उघडला. अर्ज तिथं होता, चार वाजून दहा मिनिटांचा, न उघडलेला, एकाखाली एक दोन प्रती. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "दोन कशाला?" "एक तुमची, एक माजी. माज्यावर शिक्का मारून द्या." साहेब हसले. पण छापून शिक्का मारून दिला, आणि अर्ज वेळेत आला होता म्हणून वाडीचं नाव यादीत घातलं.

चौथ्या दिवशी टँकर आला. पाचव्या दिवशी काकू पुन्हा संगीताच्या दुकानात. त्यांना साहेबांना मेल करायचा होता, 'टँकर मिळाला. आभार.' मी वैतागलो. पाणी हा आमचा हक्क, आभार कसले? काकू म्हणाल्या, "आभार नको तर नको लिवू. मिळाला, येवढं तरी लिही. आपुन काय कचेरी हाव का, गप बसाया?"

पुढे मी मुरबाडला राहायला गेलो आणि काकू मला मेल पाठवायला लागल्या. टाइप करायला त्या कधी शिकल्या नाहीत. घरी हाताने पत्र लिहायच्या, बाजाराच्या दिवशी शहापूरला आल्या की संगीता स्कॅन करायची, बटण त्या दाबायच्या. दर वेळी दोन प्रती. मी 'मिळालं' एवढा एक शब्द पाठवायचो. शेवटचं पत्र त्या जायच्या तीन आठवडे आधीचं. 'नवं पत्रक वाचलं. शिव्या कमी झाल्यात, बरं वाटलं. वालाला शेंगा धरल्यात, येऊन जा. पोच दे.' मी ते वाचलं. मोर्चाची गडबड होती, आणि जायचंच आहे तर उत्तर कशाला, असं वाटलं... गेलो नाही.

दहाव्याला गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत भिंतीला खिळ्यावर दोऱ्यात ओवलेले गठ्ठे होते. विहीर, रस्ता, रेशन, शाळा. एका गठ्ठ्यावर 'दिन्या'. प्रत्येक पत्राची दुसरी प्रत, आणि तिला टाचलेला माझ्या 'मिळालं'चा छापील कागद. सगळ्यात वरच्या पत्राला काही टाचलेलं नव्हतं. पोच देत नाहीत म्हणून मी आयुष्यभर ज्यांच्या नावाने बोंब मारली, त्यांच्याच रांगेत मी उभा होतो.

खिशातलं पेन काढलं. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात 'मिळालं' लिहिलं, सही केली. तारखेपाशी हात अडखळला. मागची टाकता आली असती, कचेऱ्यांत टाकतात तशी. मी त्या दिवसाचीच टाकली.