दोर वर बांधला तो दिवस

सिस्टरांच्या मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं सुतारकाम केलं. बाकं, दारं, खिडक्या, जिने. एवढ्या वर्षांत ज्यांच्या कामात मला खोट काढता आली नाही अशी दोनच माणसं भेटली. एक गवंडी, तो लवकर गेला. दुसऱ्या आमच्या घंटाबाई. हे त्यांच्याबद्दल आहे.

शाळेत वरच्या चारच इयत्ता. मुलींना कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार करायचं, हे तिथलं काम, आणि सिस्टर ते कसून करत. इमारत दुमजली, मधे फरसबंद चौक, एका बाजूला चॅपेल, समोर हॉल. घंटा छपरावर, लाकडी चौकटीत. तिचा दोर छताच्या भोकातून खाली जिन्यापाशी यायचा. टोकाला गाठ, हात लागून लागून काळी आणि गुळगुळीत झालेली. त्या गाठीला बाईंशिवाय कोणी हात लावत नसे.

बाईंना घेतलं होतं झाडलोट आणि किल्ल्यांसाठी. घंटा त्यांच्या गळ्यात पडली, कारण आधीचा माणूस दोर हिसकायचा आणि एका ठोक्याचे दोन व्हायचे. बाईंनी आठ दिवसांत हात बसवला. दोर ओढायचा नसतो. अंगाचा भार द्यायचा आणि नेमक्या वेळी सोडायचा. सोडणं अवघड. मी एकदा करून पाहिलं, ठोका फाटका आला.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "रंधा मारल्यासारखा मारलात. ती घंटा आहे, फळी नाही."

दिवसात अकरा वेळा घंटा व्हायची, पण मानाची बाराची. तीन ठोके, थांबायचं, तीन, थांबायचं, तीन, आणि मग सलग नऊ. पहिला ठोका पडला की जो जिथे असेल तिथे उभा राहायचा आणि हातातलं खाली ठेवायचा. मुली पेन ठेवत, सिस्टर पुस्तक ठेवत, मी हातोडी ठेवायचो. प्रार्थना ज्याची त्याने मनात म्हणायची. शेवटचा ठोका विरला की बसायचं. बाई स्वतः चॅपेलमध्ये फक्त केर काढायला जात. त्या म्हणायच्या, "प्रार्थना तुमची, ठोके माझे." एकोणीस वर्षांत त्यांची बाराची घंटा एकदाही चुकली नाही. पाय मुरगळला तेव्हा खुर्चीत बसून वाजवली, आणि नंतर स्वतःच म्हणाल्या, आज ठोके बुटके आले.

त्यांची मुलगी याच शाळेत होती. चौथीपासून चष्मा, म्हणून सगळ्या तिला ढापणी म्हणायच्या, आईसुद्धा. बाप ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. ढापणीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जायचं होतं. राहण्या-शिकण्याची सगळी सोय कॉलेजच करायचं, पण जागा साठ, आणि सगळं त्या एका परीक्षेवर. जागा मिळाली नाही तर आत्याच्या शिवणाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. आणि ढापणीला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"हिने शिवलेली पिशवी दोन्ही बाजूंनी उघडी असते," बाई सांगायच्या. "तेव्हा बाई गं, तू पूलच बांध."

मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, गणित शिकवायच्या. शेवटची दोन वर्षं त्या दर शनिवारी दहा ते एक सराव परीक्षा घेत, हुबेहूब खऱ्यासारखी. दोन प्रश्नपत्रिका एकदम हातात. पांढरी दोन तासांची, पिवळी एका तासाची. हॉलमधलं घड्याळ त्यांनी मलाच उतरवायला लावलं होतं.

"मुली घड्याळ बघतात आणि घाबरतात," त्या म्हणाल्या होत्या. "मान खाली, कान उघडे. वेळ आपल्या बाई सांगतील."

बाराची घंटा झाली की उभं राहायचं, डोळे मिटायचे, बसलं की पांढरी मिटून पिवळी उघडायची. मधे कोणी मान वर केली तर सिस्टर टेबलावर पट्टी आपटत. शंभरएक शनिवार असे गेले. मला ती पद्धत आवडायची. काम अंगात मुरलं पाहिजे, डोक्यात राहून चालत नाही, असं मीही माझ्या हाताखालच्यांना सांगायचो.

त्या वर्षी खरी परीक्षाही आमच्याच हॉलमध्ये आली. आमच्या एकतीस मुली आणि दुसऱ्या शाळेच्या वीस. आदल्या दिवशी बाहेरून पर्यवेक्षक आले. उंच, सडपातळ, खिशाला तीन पेनं. त्यांनी हॉल पाहिला, बाकांमधलं अंतर मोजलं, एका खिडकीची कडी मला बदलायला सांगितली. मग म्हणाले, परीक्षेत घंटा वाजता कामा नये. बाहेरच्या मुलींचं लक्ष जाईल. वेळ मी दर अर्ध्या तासाने फळ्यावर लिहीन.

मोठ्या सिस्टरांनी मान्य केलं. सगळ्यांना एकच काळजी लागली, की बाई सवयीने घंटा वाजवतील. स्वयंपाकघरात पैज लागली. सिस्टर दोनदा येऊन सांगून गेल्या. बाई तिसऱ्यांदा ऐकायला थांबल्याच नाहीत. परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊलाच माझ्याकडे आल्या.

"मिस्त्री, शिडी आणा. दोर वर घ्या."

मी शिडी लावली, दोर गुंडाळून तुळईला बांधला. खाली उतरलो. बाईंनी मान वर करून गाठ बघितली.

"ही मला काठीने सुटेल. दुसरी मारा."

मी परत चढलो आणि दुसरी मारली.

परीक्षा दहाला सुरू झाली. बाईंना हॉलच्या दाराशी पाण्याचं काम दिलं होतं. मी जिन्याच्या कठड्याचे ढिले गज बसवत होतो, कारण हातोडीला बंदी होती आणि स्क्रू फिरवताना आवाज होत नाही. बाराला एक मिनिट कमी असताना बाई जिन्यापाशी आल्या आणि रोजच्या जागी उभ्या राहिल्या. बारा वाजले. त्यांचा उजवा हात वर गेला, गाठ जिथे असायची तिथे बोटं मिटली आणि रिकामीच खाली आली.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "दुसरी गाठ उगाच नाही मारायला लावली."

आम्ही दोघं हसलो. त्या घागर उचलून परत हॉलकडे गेल्या. थोड्या वेळाने वळून आल्या तेव्हा चेहरा बदललेला होता.

"मिस्त्री, जरा खिडकीतून बघा. कागद बघा फक्त."

मी पाहिलं. डाव्या हाताला बाहेरच्या वीस मुली. बऱ्याच जणींच्या पुढ्यात पिवळी प्रश्नपत्रिका उघडी. उजव्या हाताला आमच्या एकतीस. सगळ्या पांढऱ्यावर. एकजात. तिसऱ्या रांगेत ढापणी, नाक कागदाला लागलेलं, लिहून झालेलं उत्तर पुन्हा तपासत होती. फळ्यावर ठळक अक्षरात "बारा वाजले" लिहिलेलं. एकीचीही मान वर नाही.

बाईंच्या हाताची काळजी सगळ्यांनी केली होती. मुलींच्या कानांची कोणी केली नव्हती. मीसुद्धा नाही, आणि घड्याळ उतरवणारा मीच.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मोठ्या सिस्टरांना नियमाने हॉलकडे फिरकायची मनाई, त्या पलीकडच्या इमारतीत. बाईंनी पदराला हात पुसले आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. पर्यवेक्षक उठून आले. मी खिडकीशीच होतो, सगळं ऐकू येत होतं.

"पाणी नको आता," ते हळू म्हणाले.

"पाण्यासाठी नाही, साहेब. बारा वाजलेले आमच्या मुलींना कळलेलं नाही."

"फळ्यावर लिहिलंय."

"लिहिलंय. वाचलंय कुणी? त्यांना मान वर न करायला शिकवलंय. त्या घंटेवर चालतात. आत्ता घंटेची वाट बघतायत."

"बाई, तुमची मुलगी आहे आत. मला सांगितलंय सिस्टरांनी. खरं तर मी तुम्हाला या दारात उभंही राहू द्यायला नको."

"म्हणून तर मी आत शब्द टाकला नाही. हाक मारली असती तर एका क्षणात कळलं असतं तिला." बाईंचा आवाज काही चढला नाही. "तुम्ही सांगा. जे फळ्यावर लिहिलंय तेच तोंडाने. एकावन्नजणींना, सगळ्यांना सारखं. घंटा नको म्हणालात, मी दोर छताला बांधला. हवं तर बघून या."

त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढला. एक पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं काम टाळायला कागद वाचताना पाहिली आहेत. हा तसा वाचत नव्हता. खरंच शोधत होता.

"वेळ लिहावी असं आहे," ते म्हणाले. "बोलू नये असं कुठे नाही."

ते टेबलाशी गेले. "सर्वांनी ऐका. बारा वाजून चौदा मिनिटं झाली आहेत. सेहेचाळीस मिनिटं उरली."

"बारा" हा शब्द पडला आणि आमच्या एकतीस मुली उठून उभ्या राहिल्या. पेनं खाली, हात जोडलेले, डोळे मिटलेले. बाहेरच्या वीसजणी बघत राहिल्या. पर्यवेक्षकांना वाटलं, या पेपर टाकून निघाल्या. ते दाराकडे वळले.

"हे काय आहे?"

"बाराची प्रार्थना," बाई म्हणाल्या. "एका मिनिटाची असते."

"मग बसतील?"

बाईंनी मुलींकडे पाहिलं. बसायचं कधी, ते शेवटचा ठोका सांगायचा. ठोकाच नव्हता. मिनिट होऊन गेलं. ढापणीचे डोळे उघडले, ती जराशी चुळबुळली, पण खाली बसली नाही. सगळ्या उभ्या असताना एकटीने बसायचं धाडस त्या शाळेत कोणाला शिकवलेलं नव्हतं. दुसरं मिनिट सुरू झालं.

"साहेब, एक टकटक करू? दारावर. बोटाने."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "करा, करा."

बाईंनी मधलं बोट वाकवलं आणि दाराच्या फळीवर एकदा ठोकलं. ते दार मी केलेलं, सागाचं, दीड इंच जाड. एवढा स्वच्छ आवाज त्याने आधी कधी दिला नव्हता. एकतीसजणी एकदम बसल्या आणि एकतीस पिवळे कागद उघडले.

पुढची चव्वेचाळीस मिनिटं बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होत्या. मी गज बसवत राहिलो. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "तो तिसरा गज तिरका आहे." होता. मी काढून परत बसवला.

एकला मुली बाहेर आल्या. ढापणी थेट आईकडे आली.

"आई, घंटा का नाही वाजवलीस?"

"पिवळ्यात किती सुटलं?"

"शेवटचे दोन. तिसरा अर्धा. पण पांढरी तीनदा तपासली."

"तीनदा कशाला? एकदाच नीट करायची."

"वेळ होता ना. मला वाटलं, आज मी फारच भरभर केलं."

बाई हसल्या नाहीत. तिच्या चष्म्याची काच पदराने पुसून दिली आणि जेवायला पाठवलं.

त्याच दुपारी त्या मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेल्या. मी दाराचं बिजागर बघायला तिथेच होतो. बाईंनी झालेलं सांगितलं, शब्द न वाढवता. सिस्टरांनी खिडकीतून हॉलकडे पाहिलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या.

"ते राहू द्या, सिस्टर. पुढच्या मुलींसाठी दोन गोष्टी करा. घड्याळ परत लावा. आणि महिन्यातले दोन शनिवार मी घंटा वाजवणार नाही. कुठले, ते कोणाला सांगणारही नाही. तुम्हालासुद्धा."

"आणि प्रार्थना?"

"ती तुमची तुम्ही म्हणा. माझ्या ठोक्यांवाचून येत नसेल तर तीही सराव करून घ्या."

सिस्टर हसल्या. मला म्हणाल्या, "मिस्त्री, घड्याळ कुठे आहे?" मी म्हटलं, माझ्याच कपाटात, कापडात गुंडाळून. किल्ली देत होतो अधूनमधून.

निकाल सहा आठवड्यांनी लागला. साठ जागांत ढापणी छप्पन्नावी. तीनदा तपासलेल्या पांढरीत तिचा एकही गुण गेला नव्हता. आत्याने पहिल्यांदा नाक मुरडलं, मग कॉलेजला न्यायला दोन पिशव्या शिवून दिल्या. त्या एकाच बाजूने उघड्या होत्या.

पुढच्या वर्षी तेच पर्यवेक्षक आले. जिन्यापाशी थांबून त्यांनी वर पाहिलं. दोर खालीच लोंबत होता.

"बाई, या वेळी बांधला नाहीत?"

"गरज नाही," बाई म्हणाल्या.

बाराला त्या किल्ल्यांचा जुडगा पुसत बसल्या होत्या. हात वर गेला नाही. मी खिडकीतून पाहिलं. माना वर झाल्या, घड्याळाकडे गेल्या. मुली उठल्या, मिनिटभर उभ्या राहिल्या आणि आपल्या आपण बसल्या. पिवळे कागद उघडले. बाईंनी मला विचारलं, "किती वाजता?"

"बारा वाजून एक मिनिट."

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि पुढची किल्ली पुसायला घेतली.