फुलसावंगीच्या पुढची टेकडी

आमच्या उमरखेडच्या घरात बैठकीच्या भिंतीवर मी काढलेले डोंगरांचे फोटो लावले आहेत. नाशिककडचे सुळके आहेत, हिमाचलातली बर्फाची शिखरं आहेत. मी शाळेत भूगोल शिकवते, सुट्ट्यांमध्ये जिथे गेले तिथे कॅमेरा नेला. एकदा चहा पिता पिता यजमान म्हणाले, "साऱ्या देशाचे डोंगर आनले तू घरात. आपल्याकडचा एकबी नाही."

खरं सांगायचं तर आपल्याकडचा डोंगर मला कधी जमलाच नव्हता. सह्याद्रीत प्रत्येक कड्याला स्वतःचा चेहरा असतो. हिमाचलात तर डोंगर आपणच चौकटीत येऊन उभा राहतो, फक्त तो केवढा मोठा आहे हे कळायला पायथ्याशी एखादं घर किंवा माणूस घ्यावा लागतो. आमच्याकडच्या टेकड्या बुटक्या, माथ्यावर सपाट आणि एकीसारखी दुसरी. एकटी टेकडी फोटोत आली की मातीचा ढीग वाटते. मात्र उन्हं कलली की एकामागे एक रांगा सुटतात, जवळची तपकिरी, मागची निळी, त्यामागची धुरासारखी. तोच फोटो मला हवा होता.

फाल्गुनातल्या एका रविवारी दुपारी आम्ही स्कूटरवर निघालो. यजमानांना मी एकटी जाते म्हणाले होते. आदल्या दिवाळीनंतर नांदेडला त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला होता. पण ते ऐकेनात. "डाक्टरनं चालाले सांगतलं, घरात बसाले नाही."

फुलसावंगीच्या पुढे रस्त्याकडेला स्कूटर लावली आणि पायवाटेनं वर चढलो. सागाची पानं गळून गेली होती. वाळलेल्या पानांवर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. ते दर वळणावर थांबत होते आणि मी त्यांच्या श्वासाकडे कान देऊन चालत होते.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन पिवळं होऊ लागलं होतं. कॅमेरा सुरू केला तर बॅटरी संपत आलेली. दुसरी बॅटरी स्कूटरच्या डिक्कीत राहिली होती.

"मी आनतो," ते म्हणाले.

"अहो, राहू द्या. आहे तेवढ्यात काढते."

"कायले घाबरून राह्यली? उतरायचं तर हाय." आणि ते गेलेही.

मी फोटो काढत बसले. रांगा सुटू लागल्या होत्या. पुष्कळ वेळानं मान वर केली तेव्हा लक्षात आलं की पानांचा आवाज कुठूनच येत नाही. फोन लावला, रेंज नव्हती. कडेला जाऊन हाक मारली. सह्याद्रीत हाक समोरच्या कड्यावर आपटून परत तरी येते. इथे ती उतारावरून घरंगळत गेली आणि संपली. मागच्याच आठवड्यात ह्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी शाळेत ऐकली होती, ती आता आठवली.

खाली जावं तर ते दुसऱ्या बाजूनं वर यायचे. थांबावं तर ते कुठे पडले असतील तर? छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सोर्बिट्रेटची गोळी त्यांच्या खिशात असायची, आज आहे की नाही हे मी विचारलंच नव्हतं.

मग मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लांबच्या लेन्समधून उतार बघत सुटले. त्यांचा शर्ट बदामी रंगाचा आणि अख्खं रान वाळक्या गवताचं. दगड, पळस, पुन्हा दगड. शेवटी शेजारच्या टेकडीच्या माथ्यावर एक माणूस बसलेला दिसला. मान खाली होती. हलतोय का, ते बघायला मी आणखी जवळ घेतलं, आणि बॅटरी संपली. काच काळी झाली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसेना.

मी पळत सुटले. दोन टेकड्यांमधल्या नाल्यात पानांवरून घसरले, तळहात सोलले, तशीच पलीकडे चढले. हाका मारताना मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

वरून उत्तर आलं, "अवं, इकडं! इकडं!"

ते उभे राहिले होते. चेहरा घामानं डबडबलेला. "कुठी गेलती तू?" ते ओरडले. "मी कवाचा बोंबलून राह्यलो! मले वाटलं कड्यावरून पडली."

"मी तिथंच होते. तुम्ही टेकडी चुकलात."

त्यांनी मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. माझी टेकडी नेमकी कोणती हे मलाही पटकन सांगता आलं नसतं.

"छातीत दुखतंय का?"

"नाही. धाप लागली."

"खरं सांगा."

"थोडं जड वाटून राह्यलं."

गोळी खिशात होती. त्यांना बसवून ती जिभेखाली ठेवायला लावली आणि नाडीवर बोटं धरून बसले. काही वेळानं ते म्हणाले, "बरं वाटते आता. चल, अंधार पडीन."

त्यांनी लगेच उठू नये म्हणून मी म्हटलं, "बॅटरी आणलीत ना? द्या. दोन फोटो काढते, तोवर बसा." मी उगीच एकेक फोटो काढत राहिले आणि दर फोटोनंतर त्यांच्या ओठांचा रंग बघत राहिले. धाप पूर्ण बसली तेव्हाच उतरलो, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. स्कूटर मी चालवली आणि घरी न जाता सरळ दवाखान्यात नेली. ईसीजी ठीक निघाला. डॉक्टर मात्र दोघांवर चिडले.

गोळी दिल्यावर काढलेल्या फोटोंपैकी एकच हलला नव्हता. पाच रांगा, मागची अगदी पुसट. तो आता बैठकीत आहे. पाहुणे आले की यजमान एका टेकडीवर बोट ठेवून म्हणतात, "इथं हरवलतो मी." दर वेळी टेकडी वेगळी असते. पाहुणे हसतात. मी चहाचं निमित्त करून आत जाते.