वरवंट्याची मान

वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांनी घरी आणलेल्या चळवळीच्या पत्रकांवरून, त्यामुळे बोलायलाही तशीच लागले. लग्नाआधीच आमचं ठरलं होतं : देश पारतंत्र्यात आहे तोवर मूल नको. हे सत्याग्रहात तुरुंगात असताना मी पंचवटीतल्या बायकांना हळदीकुंकवातसुद्धा तेच ऐकवत असे. गुलामांच्या देशात आणखी एका गुलामाची भर कशाला?

हे सुटून आले, त्या महिन्यात जाऊबाईंच्या मुलाचं बारसं होतं. मी नुसती उभी राहणार होते. पण वरवंट्याला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे देऊ लागल्या, आणि शेजारच्या काकूंनी तो माझ्या हातात ठेवला.

मी तो पुढे द्यायचा विसरले. माझा तळवा आपोआप टोपड्याखाली गेला होता.

"अगं, दगडाची मान कसली सावरतेस?" काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. माझ्याच भाषणांना माना डोलावणाऱ्या बायका त्या.

जाऊबाई तेवढ्या हसल्या नाहीत. वरवंटा काढून घेत त्यांनी हळूच विचारलं, बाळाला घेतेस का?

घ्यायचं होतं. आणि ते सगळ्यांना दिसलंय, याचीच इतकी लाज वाटली की पाठ केलेलं वाक्य तोंडातून गेलं. म्हटलं, गुलामांची भर तुम्ही घाला, मला नको.

"नको असेल तर नको," जाऊबाई म्हणाल्या. "पण माझ्या लेकाला आज गुलाम म्हणू नकोस. त्याचं नावसुद्धा ठेवलं नाही अजून."

घुगऱ्या न घेताच मी घरी आले. ह्यांना मी कुणाच्या घरी, कुणाच्या तोंडावर काय बोलले ते सांगितलं. हे म्हणाले, बरोबर बोललीस. ती शाबासकी मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागली. मग उरलेलं सांगितलं, तळव्याचं.

ह्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले.

"म्हणजे तुला हवंय?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "आधी जाऊबाईंच्या पाया पडून येते. तोवर तुम्हीही विचार करा. पत्रकातला नको, तुमचा."

आणि मी चपला घातल्या.