भागीरथाने पाहिलेलं नागपूर

काटोलच्या बाजारात संत्री निवडायला बसणाऱ्या बायांमध्ये एक भागीरथा होती. नवरा तापाने गेला तेव्हापासून ती दिराच्या घरी राहायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न ठरलं. जावेने पीठ मळता मळता सांगून टाकलं की नवी सून येणार, घरात जागा होणार नाही, तू आपली सोय पाहा. माहेरी कोणी उरलं नव्हतं. होती ती एकटी सुभद्रा, बालपणीची मैत्रीण, नागपूरला दिलेली. मागे एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली होती, कधीही ये, घर तुझंच आहे.

त्या एका वाक्यावर भागीरथाने 'येते' एवढाच निरोप धाडला आणि दोन लुगडी गाठोड्यात बांधून ती एस.टी.त बसली.

सुभद्रा स्टँडवर आली होती. वाळून काडी झाली होती, पण हसणं तेच. घरी जाऊन बोलावं असं भागीरथाने ठरवलं होतं. सुभद्राने मात्र तिचा हात धरून तिला थेट महाराजबागेत, जनावरं पाहायला नेलं. तिथे वाघ पाय ताणून झोपला होता. सुभद्रा त्याला आपल्या सासऱ्याच्या नावाने हाका मारू लागली, आणि वाघाने खरंच एक डोळा उघडला तेव्हा दोघींची हसून हसून मुरकुंडी वळली. माकडाने गजातून हात काढून भागीरथाचा फुटाण्याचा पुडा पळवला. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

पुढे मोठमोठ्या बंगल्यांचा रस्ता लागला. लहानपणी गुरं राखताना त्या दिसेल ते शेत आपलं म्हणून वाटून घ्यायच्या. सुभद्राला तो खेळ आठवला. "हा माहा," ती एका बंगल्याकडे बोट करून म्हणाली, "तो पांढरा तुहा."

"मंग मले तुह्याच बंगल्यात ठेव वं," भागीरथा म्हणाली.

थट्टेतच म्हणाली ती, पण नजर मैत्रिणीच्या चेहऱ्यावर होती. सुभद्रा हसली नाही. उन्हाचं कारण सांगून ती पुढे चालू लागली.

त्यानंतर भागीरथाने घराचा विषय काढला की सुभद्राला आणखी एक जागा दाखवायची आठवायची. सीताबर्डीची दुकानं झाली, देऊळ झालं, तर्री-पोहे झाले. पायांत गोळे आले. दिवस कलताना दोघी गांधीसागर तलावाच्या काठावर टेकल्या. आता बोलायचंच, म्हणून भागीरथाने पदर सावरला. तेवढ्यात सुभद्राच बोलू लागली.

तिचा नवरा दुसऱ्या बाईकडे नांदत होता. 'तुझंच' म्हणून सांगितलेलं ते दोन खोल्यांचं घर कधीचं गेलं होतं. प्रताप नगरात एका साहेबाकडे ती वरकाम करायची आणि त्यांच्याच मागच्या पडवीत झोपायची. साहेबांची बदली झाली होती. महिनाअखेर पडवी रिकामी करायची होती.

"भागी, तुह्या दिराचं घर मोठं आहे म्हणते," ती पाण्याकडे पाहत म्हणाली. "जावेले विचारशील काय? मी शेतात राबीन, एका कोपऱ्यात पडून राहीन. तुहा निरोप आला तवापासून हेच धरून बसली आहो मी."

भागीरथाही हेच मागायला आली होती. खरं सांगावं तर ही इथेच कोसळेल, असं तिला वाटलं.

"विचारतो," ती म्हणाली. "निरोप पाठवतो."

सुभद्राने तिला शेवटच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडला नाही. तिच्या चेहऱ्यावरची आशा भागीरथाला पाहवेना.

दिराच्या दारी ती परत गेलीच नाही. काटोलच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, संत्र्याच्या पेट्यांच्या आडोशाला तिने बिऱ्हाड मांडलं, आणि पुढची सगळी वर्षं तिथेच काढली. निरोप तिने पाठवला नाही. पाठवायला काही नव्हतं. पुढच्या बहाराला नागपूरला जाणाऱ्या एका ड्रायव्हरला तिने प्रताप नगरातलं ते घर शोधायला सांगितलं. तो येऊन म्हणाला, तिथे आता दुसरीच माणसं राहतात, सुभद्रा नावाची बाई त्यांना माहीत नाही.

निवडायला बसलेल्या बाया कधी विचारायच्या, नागपूर कसं आहे वं? मग भागीरथा वाघाची आणि माकडाची गोष्ट सांगायची. बाया हसायच्या. ती गोष्ट तळ्यापर्यंत कधी गेली नाही.