कंपनी वाचली तेव्हा

बहारीनला मी एका अमेरिकन मोटारींच्या एजन्सीत टेलिफोन ऑपरेटर होते आणि आमचे हे त्याच एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सचे मेकॅनिक. शोरूम मनामाला, वर्कशॉप सित्राला, मआमीर गावाच्या जरा अलीकडे. एकाच मालकाची नोकरी, पण दिवसभरात आमची गाठ पडायची नाही. वर्कशॉपमधून कुणाचा फोन आला आणि मागे हवेच्या गनचा आवाज ऐकू आला, की वाटायचं, हे तिथंच कुठंतरी गाडीखाली उभे असतील.

हे तिकडे गेले तेव्हा त्या गाड्यांची चलती होती. लग्नानंतरच्या पहिल्या रजेत ते चिपळूणजवळ आमच्या गावी आले, तर सबंध रजाभर मला त्या गाड्यांचंच सांगत होते. जहाज बंदराला लागायचं, गाड्या रांगेनं उतरायच्या आणि शोरूमपर्यंत पोचायच्या आधीच निम्म्या विकलेल्या असायच्या. आठ सिलिंडरचं इंजिन. बॉनेट एवढं लांबरुंद की आपल्या घरचं भात त्यावर वाळत घालता येईल, असं ते हात पसरून दाखवायचे. सासूबाई म्हणायच्या, "पुरे आता, जेव."

मी तिकडे गेले तोवर ती चलती ओसरली होती. अमेरिकेत पेट्रोल महागलं तेव्हा ही कंपनी एकदा बुडता बुडता वाचली होती म्हणे. त्यामुळे नव्वदच्या सुमारास पुन्हा वाईट दिवस आले, तरी जुनी माणसं निर्धास्त होती. "ही खलास होत नाही," असं सगळेच म्हणायचे. आमचे हे सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे.

मग लढाई झाली. कुवेतच्या तेलाच्या विहिरी पेटल्या होत्या तेव्हा काही दिवस आमच्याकडे भर दुपारी दिवे लावावे लागले. गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे आणि ते धुऊनही जायचे नाहीत. लढाई संपली, लोक पुन्हा गाड्या घ्यायला लागले, पण आमच्याकडे येईनात. जपानी गाडी पेट्रोल कमी पिते, बिघडत नाही आणि तिचे पार्ट्स त्याच दिवशी मिळतात, हे लहान मुलांनाही पाठ झालं होतं. आमच्या शोरूममध्ये महिनोन्‌महिने त्याच गाड्या उभ्या. एका जागी उभ्या राहून टायर बसू नयेत म्हणून सेल्समन दर आठवड्याला त्या हातभर पुढे आणि हातभर मागे सरकवायचे. मी टेलिफोनच्या बोर्डावर बसून बघायचे. सेल्समनना तेवढंच काम उरलं होतं.

फॅक्स माझ्या टेबलाशेजारी होता. अमेरिकेहून येणारा कागद आधी माझ्या हातात पडायचा. आज हा कारखाना बंद, उद्या ते मॉडेल बंद. आमचे मॅनेजर लेबनानी होते, मोठ्या आवाजाचे आणि हसरे. ते उभ्या उभ्या कागद वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि केबिनमध्ये जायचे. गिऱ्हाइकं पार्टसाठी फोनवर ओरडायची. मी विचारायचे, "सर, काय सांगू?"

"सांग, इंशाल्ला, नेक्स्ट वीक."

तो नेक्स्ट वीक काही यायचा नाही.

वर्कशॉपच्या स्टोअरवर दापोलीकडचे एक कोकणी मुसलमान गृहस्थ होते. वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, सगळे त्यांना भाई म्हणत. शुक्रवारी ते आमच्याकडे चहाला यायचे. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की हेल्पर लोकांना घरी पाठवतायत. तोवर गाडी वर उचलायच्या प्रत्येक लिफ्टवर दोन माणसं असायची, मेकॅनिक आणि हेल्पर. त्या उन्हाळ्यात हेल्पर गेले. काम कमी झालं होतं हे खरं, पण जे होतं ते जडच होतं.

मी यांना म्हटलं, "अहो, जपानी एजन्सीत माणसं घेतायत म्हणे. विचारून तरी बघा."

"रिलीज देणार नाहीत. त्या कागदाशिवाय दुसरा मालक घेत नाही."

"मागितल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि दिला तरी तिथं मी नवा. इथं गाडी दारात आली की आवाजावरून मला कळतं काय दुखतंय तिचं." भाई मान खाली घालून बशीत चहा ओतत होते. हे त्यांच्याकडे बघत म्हणाले, "थोडे दिवस कळ काढायची. मागेही असंच झालं होतं."

त्या उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर बोर्डावर वर्कशॉपची लाइन पेटली. भाई होते.

"वहिनी, जरा सलमानिया हॉस्पिटलला याल का? घाबरू नका."

"काय झालं?"

"हाताला लागलंय."

"कुठल्या हाताला?"

"तुम्ही या तर," भाई म्हणाले. मी हेडफोन काढून ठेवला आणि तशीच बाहेर पडले. रस्त्यावरच्या उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कळलं की पर्स आतच राहिली.

झालं होतं ते असं. गिअरबॉक्स उतरवताना एकानं जॅक धरायचा असतो आणि दुसऱ्यानं बोल्ट काढायचे असतात. हे एकटेच होते. शेवटचा बोल्ट निघाला आणि जॅक सरकला. गिअरबॉक्स कलंडला तो सावरायला यांनी उजवा हात घातला. जॅक आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पंजा सापडला. दुसऱ्या लिफ्टवरची माणसं धावत आली, पण तो बोजा उचलेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सलमानियात त्यांना ऑपरेशन करून वॉर्डात आणलं तेव्हा ते शुद्धीवर होते. दोन बोटं काढावी लागली होती. बाकीची राहिली, पण पुढे ती कधी नीट वळली नाहीत. मला बघून म्हणाले, "कशी आलीस?"

"टॅक्सीनं."

"बरं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्यांना स्टोअरमध्ये भाईंच्या हाताखाली बसवलं. आलेल्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम. आम्हाला सगळे म्हणत की नशीब, नोकरी राहिली. खरंच होतं ते. पण घरी ते वेगळेच झाले. आमच्या मुलीला शाळेत सोडायला जाणं, भाजी आणणं, सगळं करायचे. फक्त जेवताना आमच्याबरोबर बसायचे नाहीत. डाव्या हातानं जेवताना मुलीनं बघू नये म्हणून ताट घेऊन गॅलरीच्या दाराशी पाठमोरे बसायचे. मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीत. एकदा तिनं विचारलं, बाबा आपल्यावर रागावलेत का? मी म्हटलं, नाही गं, त्यांना वारा लागतो तिथं. मधे एक दिवस ती आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हा ते उठले आणि पोट भरलं म्हणाले.

इकडे कंपनी हळूहळू डोकं वर काढायला लागली. फॅक्सची भाषा बदलली. नवी गाडी येतेय, अमेरिकेत तिच्यासाठी लोक वाट बघतायत, बंद झालेला कारखाना पुन्हा सुरू होतोय. रंगीत पुस्तिकांचे गठ्ठे आले. मॅनेजर पुन्हा मोठ्यानं हसायला लागले. शोरूमची फरशी बदलली. मला सांगितलं, पहिली गाडी दाखवायच्या कार्यक्रमाला साडी नेसून ये, दारात उभी राहून पाहुण्यांना खजूर आणि कहावा, म्हणजे अरबी कॉफी, दे.

हिवाळ्यातली ती संध्याकाळ. मी लग्नातली हिरवी पैठणी नेसले होते. मालक आले, मोठमोठी गिऱ्हाइकं आली, फोटोवाले आले. गाडी मधोमध उभी होती, गडद लाल. जुन्या गाड्यांसारखी ती अंगानं पसरलेली नव्हती. पुढची काच तिरकी, नाक आखूड, आत मात्र ऐसपैस जागा. लोक भोवती फिरत होते आणि जपानी गाडीचं नाव कुणी काढत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला होता. इतकी वर्षं फोनवर लोकांची बोलणी खाल्ली होती मी कंपनीच्या नावानं.

तेवढ्यात हे आले. येणार म्हणून बोलले नव्हते. अंगात वर्कशॉपचा जुना इस्त्री केलेला शर्ट, उजवा हात खिशात. मी कहावा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. सरळ गाडीपाशी गेले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि दार उघडून आत बसले. सेल्समननं ओळखलं आणि तो बाजूला सरकला.

मी दारातून बघत होते. तिकडच्या गाड्यांचं स्टीअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळे गिअर उजव्या हाताला येतो. दांडीच्या मुठीवरची कळ अंगठ्यानं दाबून धरली की दांडी सरकते. यांनी खिशातून हात काढला, मुठीवर ठेवला. बोटं तिला धरेनात. पुन्हा ठेवला. मग डावा हात आडवा नेऊन त्यांनी ती कळ दाबायचा प्रयत्न केला. तेवढ्यात फोटोवाला त्यांना म्हणाला, "भाईसाब, जरा बाहर आइए, शेख का फोटो लेना है."

ते उतरले. माझ्या शेजारून जाताना एवढंच म्हणाले, "चांगली बनवलीय."

गाडी चालली. इतकी चालली की वर्कशॉपला माणसं कमी पडायला लागली. केरळची, फिलिपिन्सची तरुण मुलं आली, कॉम्प्युटर लावून दोष शोधणारी. आणि एका सकाळी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. यांना नाही, मला.

"स्टोअरही आता कॉम्प्युटरवर जातंय," ते म्हणाले. "तुझ्या मिस्टरांचा व्हिसा या वेळी रिन्यू होणार नाही. तुझं तसं नाही. तुला मी सेल्समध्ये घेतो. तुझा व्हिसा त्यांच्यावर आहे, तो कंपनीवर करू, मुलीचंही बघू."

"सर, त्यांचा हात इथंच गेला."

"मला माहीत आहे." ते खरोखर खाली बघत होते. "माझ्या हातात असतं तर..."

मी घरी येऊन सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ते शांतपणे कणीक मळत होते, एका हातानं. म्हणाले, "तू राहा. पोरीची शाळा आहे. दोघं परत गेलो तर तिकडे करणार काय?"

"आणि तुम्ही?"

"मी काय, भावाकडे राहीन. घर आपलंच आहे."

"मी नाही राहणार एकटी."

"राहशील," ते म्हणाले आणि कणकेवर ताट झाकलं.

विमानतळावर भाई आले होते सोडायला. दोघांनी मिठी मारली तेव्हा यांनी भाईंच्या पाठीवर डावा हात ठेवला, उजवा बाजूला लोंबत राहिला. मुलीनं त्यांना एक चित्र दिलं. ते बघायला ते थांबले नाहीत, शर्टाच्या आत ठेवून आत गेले.

सुरुवातीला दर शुक्रवारी ते बाजारातल्या बूथवर येऊन थांबायचे आणि मी फोन करायचे. मग एखादा शुक्रवार चुकायला लागला. मग दीरच बोलायचे, "दादा झोपलेत," "दादा शेतावर गेलेत." मी इकडे गाड्या विकत होते. बऱ्यापैकी विकायचे. बायका गिऱ्हाईक म्हणून आल्या की मुद्दाम माझ्याकडे पाठवत. लोक म्हणत, कंपनीनं बघा कशी उभारी घेतली. मीही तेच गिऱ्हाइकाला सांगायचे, हसून, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता.

दोन वर्षांनी रजा मिळाली. घरी गेले तर हे पडवीत बसलेले. गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली. दुपारीच तोंडाला वास येत होता. दीर कानकोंडे होऊन म्हणाले, "ऐकत नाहीत, वहिनी." संध्याकाळी आम्ही दोघंच असताना त्यांनी कंपनीचं पहिल्यांदा आणि शेवटचं विचारलं.

"माझ्या लिफ्टवर कोण आहे आता?"

"दोन पोरं आहेत."

"दोन?"

"हो. आता सगळीकडे दोन-दोन ठेवलेत."

मग म्हणाले, "बरं केलं."

मी त्यांना परत चला म्हटलं, व्हिजिट व्हिसावर तरी. त्यांनी मान हलवली. मी राहते म्हटलं, त्यावर चिडले. मुलीला दहावीपर्यंत तिथून हलवायचं नाही म्हणाले. रजा संपली आणि आम्ही दोघी परत गेलो.

पुढच्या श्रावणात दिरांचा फोन शोरूमवर आला. मी एका गिऱ्हाइकाला सीट कशी मागे घ्यायची ते दाखवत होते. रक्ताची उलटी झाली, चिपळूणला नेईपर्यंत संपलं. मॅनेजरनी त्याच दिवशीचं तिकीट काढून दिलं, पण विमान मुंबईपर्यंतच. पुढे घाटात दरड कोसळलेली. आम्ही घरी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. त्यांना कुणी किती वेळ ठेवणार होतं?

पडवीत दीर खाली बसले होते. मुलगी त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. दिरांना समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ती विचारतेय," मी म्हटलं, "बाबांना फार त्रास झाला का?"

दिरांनी तोंड पुसलं. "झाला," ते म्हणाले. "सांगा तिला, झाला. पण मी होतो जवळ."

तिला ते समजलं होतं, सांगायची गरज नव्हती. तिनं पुन्हा इंग्रजीतच विचारलं, आणि मी पुन्हा मराठीत सांगितलं, "काही बोलले का, म्हणते."

"नाही गं बाळा," दीर तिलाच म्हणाले. "बोलायला वेळच नाही मिळाला."